खालिद सरांना काढू नका, पण आम्हाला उत्तर द्या

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली
तसेच
खालिद जमील, मुख्य प्रशिक्षक, भारतीय पुरुष फुटबॉल संघ

नागपूर, २४ नोव्हेंबर २०२५

सन्माननीय अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीतले सर्व सदस्य आणि खालिद सर,

सप्रेम नमस्कार.

१८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला १-० असं हरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. त्याच आठवड्यात फिफाची क्रमवारी आली आणि आपण १४२ व्या क्रमांकावर जाऊन बसलो. २०२७ च्या आशिया चषकाचं दार ऑक्टोबरातच मडगावला बंद झालं होतं, त्यामुळे ढाक्याची मॅच नुसती नावापुरती होती, असं सांगणारे गेल्या काही दिवसांत पुष्कळ भेटले. बांगलादेशाच्या खेळाडूंना तसं वाटलेलं दिसलं नाही. आम्हालाही वाटत नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही कोण, ते आधी सांगतो. आमची नोंदणीकृत संघटना वगैरे काही नाही. मोतीबागच्या रेल्वे मैदानावर लीगच्या मॅचेसना कडेला उभे राहणारे, कामठीहून बाइकवर तिघं बसून येणारे, इंडियाची मॅच असली की एकाच्या मोबाइलवर सहा डोकी घालून बघणारे असे आम्ही लोक. मी स्वतः दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. नागपूर म्हटलं की दिल्लीत बसलेल्यांना जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम आठवतं, त्यात त्यांची चूक नाही. पण कामठीत इंग्रजांच्या छावणीबरोबर फुटबॉल आला, तो छावणीतले गोरे गेल्यावरही गेला नाही. रब्बानी क्लबचं नाव तिथली शाळकरी पोरंसुद्धा सांगतील. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतली पोरं गोळा करून जे सुरू केलं, त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली आणि तिची पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत जाऊन आली. सांगायचा मुद्दा एवढाच की आम्ही रविवारी टीव्हीवर इंग्लंडच्या मॅचेस बघून पंडित झालेले लोक नाही. (त्याही बघतो, पण ते वेगळं.)

आता मूळ मुद्दा. संघ हरतो, त्याची सवय आम्हाला आहे. हरल्यावर कुणीच काही सांगत नाही, त्याची सवय करून घ्यायला मात्र आम्ही तयार नाही.

आधी हिशोब मांडतो, म्हणजे भावनेच्या भरात लिहिलंय असं कुणाला म्हणता येणार नाही. आशिया चषकाच्या पात्रता फेरीत आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश. पाच सामने झाले. दोन बरोबरीत सुटले, तीन हरलो. गुण २, गोल २. यातल्या कुठल्याही देशाचं नाव घेतल्यावर फुटबॉलच्या जगात कुणी टोपी काढत नाही. मागच्या म्हणजे कतारच्या आशिया चषकात आपण ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाशी हरलो आणि तीन सामन्यांत एकही गोल केला नाही, तेव्हा गट अवघड होता असं तुम्ही म्हणालात तर आम्ही मान डोलावली असती. पण पुढे गुवाहाटीत अफगाणिस्तानाने आपल्याच घरात २-१ ने हरवलं. २०२४ च्या सबंध वर्षात आपण एकही सामना जिंकलो नाही. आणि २०२३ च्या जुलैमध्ये हाच देश ९९ व्या क्रमांकावर होता, हे विसरू नका.

या काळात प्रशिक्षक किती झाले? तीन. इगोर स्टिमॅक यांना जून २०२४ मध्ये काढलं. त्यांच्या काळात संघ निवडताना ज्योतिषाचा सल्ला घेतल्याच्या बातम्या आम्ही विसरायचा खूप प्रयत्न केला, पण नागपुरात लोक अशा गोष्टी विसरू देत नाहीत. आजही कुणी पेनल्टी हुकवली की ‘ग्रह पाहून मारायची होती बे’ असं कडेवरून ऐकू येतं. मग जुलैमध्ये मानोलो मार्केझ आले. आणि इथून माझी पहिली खरी तक्रार सुरू होते.

मार्केझ हे चांगले प्रशिक्षक आहेत, याबद्दल वाद नाही. पण तुम्ही त्यांना राष्ट्रीय संघ दिला तेव्हा ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते आणि पूर्ण मोसमभर राहिले. देशाच्या संघाला अर्ध्या वेळेचा प्रशिक्षक चालेल, हे कुणी ठरवलं? कोणत्या बैठकीत, कशाच्या आधारावर? ३ मे २०२५ ला भुवनेश्वरमध्ये त्यांनी गोव्याला सुपर कप जिंकून दिला. अंतिम सामन्यात ३-० ने हरलेल्या जमशेदपूरच्या बाकावर होते खुद्द खालिद सर. पुढच्याच महिन्यात भारतीय संघ थायलंडशी २-० ने आणि १० जूनला हाँगकाँगशी इंज्युरी टाइममधल्या पेनल्टीवर हरला. त्या हाँगकाँगच्या मॅचमध्ये समोर गोल जवळजवळ मोकळा असताना आपल्या आशिक कुरुनियनने चेंडू बाहेर मारला, तेव्हा आमच्यातल्या एकाने मोबाइल खाली ठेवला आणि चहा सांगायला निघून गेला. मॅच संपेपर्यंत परत आला नाही. मार्केझ यांच्या हाताखाली आपण आठ सामने खेळलो आणि जिंकलो एक, तोही मालदीवविरुद्ध. त्या एका विजयासाठीही निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावं लागलं. जुलैत मार्केझ गेले. का गेले, काय चुकलं, दोन्हीकडे काम करण्याचा काय परिणाम झाला, यावर तुमच्याकडून चार ओळींचं पत्रक आलं आणि विषय संपला. दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहायला त्यांना तुम्हीच सांगितलं होतंत, महोदय.

मग नव्या प्रशिक्षकासाठी जाहिरात निघाली. १७० अर्ज आले म्हणे. त्यात बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी यांचा अर्ज आल्याची बातमी पसरली, आणि नंतर तुम्हालाच सांगावं लागलं की तो ईमेल खरा नव्हता. आम्ही पोट धरून हसलो, हे कबूल. पण ज्या कचेरीतून देशाचा प्रशिक्षक निवडला जातो, तिथे आलेला अर्ज खरा की खोटा हे तपासायच्या आधीच नाव बाहेर जातं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

अखेर ऑगस्टमध्ये खालिद सर आले. बऱ्याच वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीत बसला, म्हणून आम्हाला मनापासून आनंद झाला. मिझोरममधल्या ऐझॉलसारख्या छोट्या शहराच्या संघाला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारा माणूस. मुंबई एफसीला तुटपुंज्या पैशात वर्षानुवर्षं तगवून ठेवणारा माणूस. सुरुवातही झकास झाली. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो. एका मोठ्या क्लबने खेळाडू सोडले नव्हते, तरीही.

खालिद सर, आता तुमच्याशी बोलतो. आदर ठेवून, पण स्पष्ट.

सिंगापूरमध्ये बचावपटू झिंगन लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, दहा जणांत जवळपास निम्मा वेळ काढला आणि शेवटच्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी केली, तेव्हा आम्ही उड्या मारल्या. पाच दिवसांनी मडगावला त्याच सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगतेने चौदाव्या मिनिटालाच गोल केला. घरचं मैदान, अकरा विरुद्ध अकरा, आघाडी आपली. आणि तिथून आपण मागे मागे सरकत गेलो. चेंडू मिळाला की उंच उडवायचा, परत त्यांच्याकडे जायचा, परत यायचा. मध्यंतराच्या तोंडावर एक आणि मध्यंतरानंतर एक, असे त्यांच्या सोंग उई-यंगने दोन गोल केले. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. ढाक्यात अकराव्या-बाराव्या मिनिटाला गोल खाल्ला. उरलेला जवळपास सव्वा तास हातात होता. त्या वेळात मधल्या फळीतून सलग सहा-सात पास देऊन चेंडू त्यांच्या बॉक्समध्ये नेला, असं किती वेळा दिसलं? तुम्ही व्हिडिओ आमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिला असेल. तुम्हीच सांगा.

बचाव घट्ट ठेवून प्रतिहल्ला करायचा ही तुमची पद्धत आहे, ती ऐझॉलला चालली, कमी पैशाच्या संघांना चालली. इराणविरुद्ध तोच खेळ करा, आम्ही चकार शब्द काढणार नाही. पण सिंगापूर आणि बांगलादेशविरुद्धही आपण इराणसमोर उभे असल्यासारखे खेळणार असू, तर मग चेंडू घेऊन खेळायचं कधी आणि कुणाविरुद्ध?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. आमचं मैदान मुरमाचं आहे. पाऊस गेला की ते दगडासारखं टणक होतं आणि चेंडू भलतीकडेच उसळतो. अशा जागेवर पोरांना खाली, जमिनीवरून पास खेळायला शिकवणं म्हणजे दररोज तेच तेच ओरडणं. ढाक्याची मॅच झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. आमचा स्टॉपर म्हणजे मधला बचावपटू, सातवीतला पोरगा, समोर कुणी नसताना चेंडू वर उडवून मोकळा झाला. मी ओरडलो, ‘‘अरे खाली ठेव, राइट बॅक रिकामा आहे!’’ तो थांबला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘सर, इंडियावाले बी तं असेच खेळून राहिले ना.’’ बाकीची पोरं हसली. मी शिट्टी वाजवली आणि थ्रो-इन घ्यायला लावला. पोरगा उद्धट नाही, निरीक्षण चांगलं आहे त्याचं. त्याला काय सांगायचं, ते तुम्ही मला सांगा, सर.

आता पुन्हा महासंघाकडे वळतो, कारण सगळं खापर प्रशिक्षकाच्या डोक्यावर फोडणं हा दिल्लीतला जुना खेळ आहे आणि त्यात आम्हाला भाग घ्यायचा नाही.

इंडियन सुपर लीग एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होते. आज नोव्हेंबर संपत आला, लीगचा पत्ता नाही. लीग चालवण्याचा करार पंधरा वर्षांचा होता, तो ८ डिसेंबरला संपतोय. हे काही कुणाला अचानक कळलेलं नाही. करार २०१० मध्ये झाला तेव्हाच संपायचं साल ठरलं होतं. महासंघाच्या घटनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, हे आम्हाला माहीत आहे. पण म्हणून पुढची तयारी कागदावरही करायची नाही, असं कुठं लिहिलं होतं? निविदा काढली तर ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. ड्युरंड कप आणि सुपर कपचे काही सामने सोडले, तर देशातल्या बहुतेक सर्वोत्तम खेळाडूंना या मोसमात खेळायलाच मिळालेलं नाही. काही क्लबांनी सराव बंद केले, पगारांचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही. शाळाच बंद ठेवायची आणि निकाल लागला की मास्तरला वर्गाबाहेर उभं करायचं, असा हा न्याय आहे. नव्वद मिनिटं पळण्याचा दम नुसत्या शिबिरात येत नाही. दर आठवड्याला मॅच खेळावी लागते, हे आमच्या चौदा वर्षांखालच्या पोरांनाही कळतं.

क्लबांनी खेळाडू सोडण्याचा गोंधळही असाच. फिफाच्या ठरावीक विंडोबाहेर, म्हणजे देशांच्या सामन्यांसाठी राखलेल्या तारखांबाहेर, खेळाडू सोडायला क्लब बांधील नसतात, नियमच तसा आहे. मग ज्या स्पर्धा विंडोच्या बाहेर जातात, त्यासाठी क्लबांशी मोसमाच्या आधीच बसून ठरवायला नको? दरवेळी शिबिराची यादी जाहीर होते, दरवेळी निम्मे चेहरे उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि दरवेळी दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. दर मोसमाला तेच.

आणि यातून मार्ग निघतच नाही, असं नाही. आपल्याच महिला संघाकडे बघा. या ५ जुलैला त्यांनी थायलंडला थायलंडमध्ये जाऊन २-१ ने हरवलं, संगीता बासफोरने दोन्ही गोल केले आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषकात जागा मिळवली. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री, भारतीयच. त्यांना किती प्रसिद्धी मिळाली आणि किती सोयी मिळतात, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

एक गोष्ट आमच्या बाजूची. तुमच्या ‘व्हिजन २०४७’ मध्ये भारताला आशियातल्या पहिल्या चारांत न्यायचं लिहिलंय. छान आहे. पण ते खेळाडू येणार कुठून? आमच्याकडच्या पोराला राज्याच्या ट्रायलला जायचं तर विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढायची, सकाळी मुंबईत उतरून तडक मैदानावर जायचं, दोन-तीनशे पोरांत वीस मिनिटं खेळायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. बाप रोजंदारीवर असेल तर तेवढंही होत नाही. मग तो पोरगा रेल्वेत किंवा एसआरपीएफमध्ये खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते का, ते बघतो. त्याचं तरी काय चुकलं? राष्ट्रीय संघाला गोल करणारा सापडत नाही म्हणून चाळिशी ओलांडलेल्या सुनील छेत्रीला परत आणावं लागतं, आणि इथे मोतीबागेवर गोल करणारी पोरं आहेत, त्यांना बघायला महासंघाचा माणूस आल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नाही. ती सगळी भारताकडून खेळतील असा दावा मी करत नाही. शंभरातून एखादा. पण तो एखादा बघायला तरी या.

आमच्या मागण्या अशा.

आशिया चषकाची पात्रता का हुकली, याचा लेखी अहवाल तांत्रिक समितीने तयार करावा आणि तो जाहीर करावा. मार्केझ यांच्या काळापासून ढाक्यापर्यंतचा. त्यात प्रशिक्षकाच्या चुका असतील तर त्या असाव्यात आणि महासंघाच्या असतील तर त्याही. कपाटात ठेवायचा अहवाल आम्हाला नको.

खालिद सरांना आत्ता काढू नये. दीड वर्षात तिसरा प्रशिक्षक झाला, चौथा आणून काय होणार आहे? पण त्यांचं उद्दिष्ट काय ठरलंय, कोणत्या तारखेला त्यांचं मूल्यमापन होणार आणि ते कोण करणार, हे लोकांना कळलं पाहिजे. आणि खालिद सरांनी एकदा बसून, पत्रकार परिषदेतल्या दोन मिनिटांत नव्हे तर सविस्तर, हा संघ कसा खेळणार आहे ते सांगावं. आम्हाला पटेल न पटेल, तो पुढचा भाग.

यापुढे राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाकडे दुसऱ्या कुठल्याही संघाची जबाबदारी असू नये. हा नियम लेखी करावा.

लीगची तारीख डिसेंबर संपायच्या आत जाहीर करावी, आणि खेळाडू सोडण्याबाबत क्लबांशी झालेला करार त्याच दिवशी.

नागपूरसारख्या शहरांत, म्हणजे नागपूरच नव्हे तर अमरावती, चंद्रपूर, कोल्हापूर, जिथे जिथे जिल्हा लीग चालते तिथे, मोसमातून एकदा तरी महासंघाचा निरीक्षक यावा आणि त्याने काय पाहिलं ते लिहून द्यावं. त्याच्या चहापाण्याचं आम्ही बघू.

आणखी एक, जरा छोटी. गटातला आपला शेवटचा सामना ३१ मार्चला हाँगकाँगविरुद्ध आहे, आपल्याच देशात. त्याने गुणतक्त्यात आपलं काही भलं होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी आम्ही काही जण जाणार आहोत, आणि मघाशी सांगितलेल्या त्या सातवीतल्या स्टॉपरला त्याचा बाप सोडणार असेल तर त्यालाही नेणार आहोत. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं. तेव्हा सामना कुठल्या शहरात होणार, ते कृपा करून जानेवारी संपायच्या आत सांगा.

कळावे,
नागपूर-कामठीतल्या काही फुटबॉलप्रेमींच्या वतीने,
एक मैदानी प्रशिक्षक